आज कोण काय बोललं

माघ उलटता उलटता संतरामच्या पायावर कुदळ बसली, आणि ती बसायची तर नेमकी हळद काढायला आली तेव्हाच. घाव अंगठ्याजवळ, हाडाला लागून. त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, चिंधी जाळून राख भरली, वरून हळद-चुना बांधला. पण पाय घागरीसारखा सुजला आणि संतराम भिंतीला टेकून बसला तो बसलाच.

कुरुंद्याला मार्तंडराव कुलकर्ण्यांचा हळदीचा मळा होता. घरटी एक माणूस टोळीत उतरायचं आणि हळद शिजवायची शेवटची कढई उतरेपर्यंत राहायचं, मग त्या घराला वर्षाच्या ज्वारीचा वाटा. मधेच उठलं तर केलेलं सगळं पाण्यात. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण ती मोडून कोणी पाहिली नव्हती.

"मी जाते," मंजुळा म्हणाली.

संतरामनं तिच्या पोटाकडं पाहिलं, मग आपल्या पायाकडं पाहिलं. तिला आठवा लागला होता. द्वारकाबाईला दिसत असतं तर तीच गेली असती. पण तिच्या डोळ्यांत फुलं पडून साल लोटलं होतं. माणूस दारात उभं राहिलं तर उजेड अडला एवढंच तिला कळायचं.

"जा माय," द्वारकाबाई म्हणाली. "पर रोज सांजच्याला मला सांगायचं. कोण काय बोललं ते."

तिचं ते जुनंच होतं. मंजुळेची दोन लेकरं गेली होती. पहिलं तिसऱ्यातच वाहून गेलं. दुसरं आठव्यात, कापूस वेचायच्या दिवसांत. द्वारकाबाईचं म्हणणं, लोकांच्या तोंडानं गेली. म्हणून यंदा ती सांजेला चुलीपुढं बसायची, मुठीत मीठ-मोहऱ्या घ्यायची आणि ज्यानं ज्यानं पोटाबद्दल तोंड उघडलं त्याचं त्याचं नाव घेऊन सुनेवरून मूठ उतरवायची. मोहऱ्या चुलीत तडतडल्या की म्हणायची, "गेलं."

दुसऱ्या लेकराचं खरं कारण मंजुळेला ठाऊक होतं, म्हणजे कारण नाही, दिवस ठाऊक होता. त्या दिवशी सकाळपासून पोटात हालचाल नव्हती. तिनं शेजारच्या सरीतल्या बायांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, निजलं असंल, वेच कापूस. ती दिवसभर वेचत राहिली. लेकरू झालं तेव्हा सगळं होतं त्याला, नखंसुद्धा. नुसतं रडलं नाही.

तेव्हापासून तिच्या हाताला एक सवय लागली होती, मधूनच पोटावर जाऊन थांबायची.

मळ्यात पहिल्याच दिवशी तिला मान मिळाला. टोळी चतुराबाईची होती. उंच, हाडापेराची बाई, कोणी कुठं बसायचं ते तीच ठरवायची. हळद काढायची तर पहिला गड्डा पोटुशी बाईच्या हातानं वर यायचा, असं त्या मळ्यात चालत आलं होतं. गडी कुदळीनं माती उकलायचा आणि पोटुशी बाई पदर पसरून गड्डा उचलायची. मग सगळ्या बाया त्याची हळकुंडं मोजायच्या. भरपूर निघाली की सुगी चांगली.

मंजुळा गुडघ्यावर बसली. गड्डा ओढताना पोटाखाली कळ गेली, पण तो आला, मातीनं माखलेला, चारी बाजूंनी बोटं फुटलेला.

"आगं माय, मोजा तर खरं," मोतीबाई म्हणाली. मोतीबाई टोळीतली हसवणारी. दात पुढं आणि जीभ त्याहून पुढं. "ही एवढी हळकुंडं? मंजुळे, तुला बी एवढीच व्हणार बघ. पोटच सांगून राहिलं. एका लेकराचं पोट असतंय का हे?"

"जुळी असतील," दुसरी कोणी म्हणाली.

"जुळी कशाची? खाली उतरलंय पोट. पोरगी हाय."

"त्वांड उतरलंय की तिचं. त्वांड उतरलं म्हंजे पोरगं."

"मागच्या खेपंला बी असंच उतरलं व्हतं," मोतीबाई बोलून गेली, आणि जीभ चावली. मग घाईघाईनं म्हणाली, "तवा दिवस वंगाळ व्हते."

मंजुळेनं गड्डा चतुराबाईच्या सुपात ठेवला आणि पदर झटकला. पदराला ओल्या मातीचा आणि हळदीचा डाग पडला तो पुढं धुऊन गेला नाही.

मग काम सुरू झालं. पुरुष खणत, बाया ओळीनं बसून माती झाडत, गड्ड्यापासून हळकुंडं मोडत. गड्डे एका बाजूला, हळकुंडं दुसऱ्या बाजूला. ओली हळद मोडताना कट् कट् आवाज होतो आणि बोटांच्या बेचक्यात चीक बसतो. नखं आधी पिवळी होतात, मग तपकिरी, मग दुखतात. उकिडवं बसायला मंजुळेला येईना. ती एक पाय लांब करून, पोट मांडीच्या बाजूला सोडून बसायची. थोड्या वेळानं तो पाय मरून जायचा, मग दुसरा.

टोपली उचलून कढईकडं न्यायला देवला होता. तरणा गडी, लग्न झालं नव्हतं. मंजुळेनं टोपलं भरून डोक्यावर घेतलं की तो म्हणायचा, "वैनीचं बरं हाय. म्होरं एक टोपलं, वर एक टोपलं. मला काहून ठेवलं मालकानं?"

बाया हसायच्या. मंजुळा पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी अर्धं हसली. पुढं तिला कळलं की हसलं तरी तो म्हणतो आणि नाही हसलं तरी म्हणतो.

कढईच्या चुलाणावर ग्यानबा असे. म्हातारा, धुरानं डोळे लाल. गड्डे-हळकुंडं शिजायला टाकून वरून हळदीचाच वाळला पाला दाबायचा आणि फेस यायची वाट बघत बसायचा. त्यानं पहिल्याच दिवशी हात वर करून तिला लांब थांबवलं होतं. "पोरी, तू तिथूनच ठेव टोपलं. तुझी सावली कढईत पडली तर हळद कच्ची राहती."

"खणताना चालती सावली, अन् शिजवताना न्हाई?" मंजुळा म्हणाली होती.

ग्यानबानं विचार केला. "खणायचं येगळं, शिजवायचं येगळं," तो म्हणाला आणि आग सारू लागला.

दुपारी मळ्यात गंगूताई यायच्या. मार्तंडरावांची बायको. बरोबर त्यांची लेक सुधा. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचेही तेच महिने. तिच्यासाठी गडी आंब्याखाली बाज टाकायचा, वर गादी, मागं लोड. गंगूताई सुधेला पाऊल टाकू द्यायच्या नाहीत, "हळू गं, ढेकूळ आहे, हळू." मग ओळीपाशी येऊन पदर नाकाला लावून उभ्या राहायच्या.

"कितवा गं तुला?"

"आठवा, ताई."

"अन् बसतेस की अजून. बघ सुधे, यांचं कसं असतं. आपलं म्हणजे वैद्य, सुईण, काढा, नि तरी जिवाला घोर. यांचं बरं. शेतात बसल्या की मोकळ्या, लेकरू पदरात घेऊन परत कामाला." त्या हे प्रेमानंच म्हणाल्या. थोडा हेवाही होता त्यात.

चतुराबाई खाकरली. मंजुळा हळकुंडं मोडत राहिली. कट्. कट्.

सांजेला ती हे सगळं घेऊन घरी यायची. संतराम पाय उशीवर टाकून पडलेला असायचा. द्वारकाबाई मूठ वळून बसलेली.

"आज कोण काय बोललं?"

"देवला. टोपल्याचंच."

"मेल्याला दुसरं सुचत न्हाई. आणखी?"

"गंगूताई म्हणल्या, तुमचं बरं असतं."

मूठ जरा घट्ट व्हायची. "आणखी?"

"मोतीबाई म्हणली, पोटाला सुरकुती न्हाई म्हंजे पाणीच जास्त हाय."

"तिच्या तोंडाला कुलूप बसंना कधी." मूठ डोक्यावरून पायापर्यंत उतरायची, एकेका नावानं. संतराम भिंतीकडं तोंड करून ऐकायचा. एकदा तो म्हणाला, "आई, रोज रोज तेच नको काढू. ती थकून येती."

"थकून येती म्हणूनच काढती. पोटात ठेवून निजली तर?" द्वारकाबाई म्हणाली.

असेच दिवस गेले. फाल्गुनाचं ऊन चढू लागलं. मळा अर्ध्याच्या वर उकलून झाला, वाळत घातलेल्या हळदीनं खळं पिवळं झालं. शेवटचा तुकडा राहिला. चतुराबाई म्हणाली, उद्या खणणं संपंल, परवा शेवटची कढई. त्या सांजेला मंजुळा दिवा लावून भाकरीला बसली आणि तिच्या ध्यानात आलं की रोज या वेळेला, पीठ मळताना, जी एक लाथ डाव्या फासळीखाली बसते ती आज बसली नाही.

तिनं हात लावून पाहिलं. मग पाणी प्यायली. मग कुशीवर झाली. संतरामला सांगावं असं दोनदा ओठावर आलं. पण त्याचा चेहरा आधीच असा होता की त्यावर आणखी काही ठेवायला जागा नव्हती. सासूला सांगायचं तर सासू नावं विचारणार. कुणाचं नाव घ्यायचं?

सकाळी तिनं गूळ खाल्ला. गूळ खाल्ला की ते हालतं, असं तिचं तिला कळलं होतं. हाललं नाही. ती मळ्यात गेली.

"आज लवकर दमलीस की वं," मोतीबाई म्हणाली. "खाली आलंय पोट अगदी. मी म्हणते, कढई उतरायच्या आधीच तू उतरतीस."

मंजुळेनं मान हलवली. तिचं सगळं ध्यान आत होतं. ती हळकुंड मोडायची आणि थांबायची, मोडायची आणि थांबायची. कोणी बोललं की आतलं ऐकू यायचं नाही, म्हणून तिला प्रत्येक बोलण्याचा राग येऊ लागला, देवलाच्या, पाखराच्यासुद्धा.

"वैनी, म्होरं एक टोपलं—"

"देवला, गप ऱ्हा की रं जरा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. देवला टोपलं घेऊन गेला, जाताना दोनदा मागं वळून बघत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती चतुराबाईपाशी गेली. "मी जरा घरला जाऊन येऊ का?"

"आज? खणणं संपायला आलं." चतुराबाईनं तिला खालून वर पाहिलं. "काहून? कळा येऊन राहिल्या का?"

"न्हाई."

"रगत?"

"न्हाई."

"मग काय?"

मंजुळेला सांगता येईना. काही होतंय म्हणून सांगता येतं. काहीच होत नाही हे कसं सांगायचं? मागल्या खेपेला तिनं सांगितलं होतं आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्याबरोबर खरे झाले होते.

"काही न्हाई," ती म्हणाली.

"मग बस माय. मी तुला उठवत न्हाई, पर उठलीस तर गंगूताई इचारतील, अन् मग वाट्याचं मला काही बोलता येनार न्हाई. उद्या सांजपस्तोर. एवढं दिवस काढलं, आता एक दिवस." चतुराबाईनं तिच्यासाठी स्वतःचं पोतं घडी करून खाली टाकलं. मंजुळा त्यावर बसली.

दुपारी गंगूताई आल्या आणि खळ्याकडं गेल्या. सुधा बाजेवर कंटाळली असावी. ती उठून हळूहळू ओळीपाशी आली. गोरी, पायांवर सूज, डोळ्यांखाली काळं. मंजुळेजवळ येऊन आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं हलतं का हो फार? माझं काय विचारू नका. रात्रभर लाथा. डोळ्याला डोळा नाही. आई म्हणते, कसली तक्रार करतेस. तुम्हाला झोप लागते?"

मंजुळेनं वर पाहिलं.

"हे बघा, आत्ताच," सुधा म्हणाली. तिच्या पोटावरचं जरीकाठाचं लुगडं एका जागी टपकन उचललं आणि बसलं. परत उचललं. आत एवढंसं कोणी तरी टाच रोवत होतं. सुधेनं हसून त्यावर हात ठेवला. "आहे की नाही? त्रास आहे नुसता."

मंजुळेला तिचा राग आला नाही. तिला त्या लुगड्यावरून नजर काढता येईना, एवढंच. हातातलं हळकुंड मोडायचं राहून गेलं. "हालू द्या ताई," ती म्हणाली. "त्रास म्हणू नका."

सुधा थोडी ओशाळली, काय चुकलं ते न कळून. "तसं नव्हे," म्हणाली आणि आंब्याखाली परत गेली.

ऊन कललं. कढईवर दाबायला पाला हवा होता, म्हणून मोतीबाई बांधाच्या कडेला रचलेल्या ढिगाकडं गेली. तिनं कवळा भरायला हात घातला आणि तशीच मागं सरकत आली, तोंडातून शब्द नाही. पाल्यातून निघून जनावर मोकळ्यावर आलं होतं. हातभर वर उभं, फणा पसरलेला. बाया उठून एकीमागं एक झाल्या. पुरुष लांब, चुलाणापाशी.

"ग्यानबाला हाक मारा."

"हाकेनं येईल ते अंगावर. गप."

आणि मग एकदमच सगळ्यांना एकच सुचलं. "मंजुळेला म्होरं करा. पोटुशीची सावली पडली की आंधळं व्हतंय ते."

"व्हय व्हय. जा माय. ऊन पाठीशी हाय, सावली बराबर पडंल."

कोणी ढकललं ते तिला कळलं नाही. पाठीवर चार हात आले, प्रेमाचे, भ्यालेले, आणि ती पुढं झाली. सगळ्या तिच्या मागं. समोर पिवळ्या मातीवर तिची सावली पडली, लांब, पोटापाशी फुगलेली, आणि तिचं टोक जनावरापर्यंत पोचलं होतं. जनावराची जीभ आत-बाहेर होत होती. तिला वाटलं, चावायचं तर चावू दे. दिवसभरात पहिल्यांदा कोणी बोलत नव्हतं. मळाभर शांतता झाली.

आणि त्या शांततेत, डाव्या फासळीखाली, आतून एक टाच फिरली.

मंजुळा हालली नाही. आपण हाललो तर ते थांबेल, एवढंच तिच्या मनात होतं. परत फिरली. मग कुशीकडून कुशीकडं, झोपेतून उठलेलं लेकरू आळस देतं तसं, सगळं पोट एका बाजूला कललं. तिचे डोळे भरून आले आणि जनावर, ढीग, बांध सगळं एकात एक मिसळलं.

"बघा बघा, कशी उभी हाय," मागून कोणी कुजबुजलं. "जरा बी भ्याली न्हाई."

जनावरानं फणा मोडला, अंग जमिनीला लावलं आणि बांधाकडं सरळ निघून गेलं. ग्यानबा काठी घेऊन धापा टाकत पोचला तेव्हा शेपूट बिळात शिरत होतं.

"आंधळं झालं," मोतीबाई म्हणाली. तिला आता बोलायला आलं होतं. "मी बघितलं, डोळं पांढरं झालं."

"आंधळं झालं तर बराबर बिळात कसं शिरलं?" ग्यानबा म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा मामा. आपलं बीळ आंधळ्याला बी घावतं." मग मोतीबाईनं मंजुळेचा दंड धरला. "तुझं पोट लई कडक हाय गं बाई. या खेपंला पोरगंच, लिहून ठेव."

"बसा आता," चतुराबाई म्हणाली. "ऊन गेलं."

मंजुळा घडी केलेल्या पोत्यावर बसली. हळकुंडं मोडू लागली. ते पुन्हा हाललं, आणि तिनं कोणाला सांगितलं नाही. त्या पोटाबद्दल टोळीतल्या प्रत्येकाकडं काही ना काही बोलायला होतं. ही एक गोष्ट तिच्या एकटीची होती. दिवस मावळायला शेवटचा गड्डा निघाला. परवाची कढई उद्यावर आली होती.

घरी पोचली तेव्हा पाय जडावले होते. संतराम उठून दारापर्यंत आला होता, भिंत धरून. द्वारकाबाई चुलीपुढं, मूठ वळलेली.

"आज कोण काय बोललं?"

मंजुळेनं सांगितलं. देवला, पण त्याचं अर्धंच. मोतीबाई, दोनदा. सुधाताई, पण तिच्या मनात वाईट नव्हतं. जनावराचं तिनं सांगितलं नाही.

"आणखी?"

"बस."

मूठ उतरली नाही. द्वारकाबाई आगीकडं तोंड करून तशीच बसली. मग म्हणाली, "हाललं का?"

मंजुळा डोक्यावरचा पदर काढता काढता थांबली. "तुमाला कोण सांगितलं?"

"बांगड्यांनी. काल दिवा लागल्यापासून तुझा हात सारखा पोटावर जाऊन राहिला. पहाटंपस्तोर ऐकत व्हते मी. मला दिसत न्हाई, माय. कान हायेत."

संतरामनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बायकोकडं.

"मग इचारलं काहून न्हाई आत्याबाई?"

"इचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

मंजुळेनं पोटावर हात ठेवला. "हाललं," ती म्हणाली. "ऊन कलल्यावर. मग येताना, वाटंनं. आता बी."

द्वारकाबाईच्या मुठीतून चार मोहऱ्या गळून राखेत पडल्या. तिनं मूठ सावरली, गुडघ्यावर हात देऊन उठली, चाचपत सुनेपाशी आली. डोक्यावरून पायापर्यंत मूठ फिरवू लागली. "देवल्याची. मोतीबाईची. कुलकर्ण्याच्या लेकीची." थांबली. मग हळू म्हणाली, "द्वारकाबाईची."

"तुमी तर काही बोलल्या न्हाई."

"बोलले न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. "दिवसभर मनात आणलं. बोलण्यापरीस वंगाळ ते."

मीठ-मोहऱ्या चुलीत पडल्या, तडतडल्या. ती "गेलं" म्हणाली नाही. तिथंच भिंतीला टेकून बसली.

मंजुळेनं हात धुतले. नखांतलं पिवळं निघालं नाही. परात ओढून ती भाकरीला बसली आणि पीठ थापू लागली. बांगड्या वाजू लागल्या, एकसारख्या, परातीच्या काठावर. द्वारकाबाई डोळे मिटून ऐकत होती.